डॉक्टर तंबाखूचे विचारतात, कामाचे का नाही?

दवाखान्यात केसपेपर काढला की प्रश्न ठरलेले असतात : तंबाखू खाता का, बिडी-दारू घेता का? प्रश्न योग्यच आहेत. पण काम कोणते करता, त्याआधी कुठे होता, हे क्वचितच कोणी विचारते. ही गोष्ट आम्हाला किरकोळ वाटत नाही. कारण त्यामुळे आजाराचा सगळा दोष माणसाच्या सवयीवर जातो आणि कारखाना नामानिराळा राहतो.

कामातून कर्करोग होतो हे जगाला जुने ठाऊक आहे. रंगाच्या कारखान्यातील कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे जर्मन शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ सालीच मांडले. पुढे बेंझिडीनसारखी रसायने त्याला कारण ठरली. इस्तंबूलचे डॉ. मुझफ्फर अक्सोय यांनी १९७० च्या दशकात चपला-बूट बनवणाऱ्या कामगारांतील रक्ताचा कर्करोग दाखवून दिला. त्यांच्या चिकटवण्याच्या सोल्यूशनमध्ये बेंझिन होते. धारावीच्या पोटमाळ्यावर खिडकी बंद ठेवून सोल्यूशन लावणाऱ्या आपल्या माणसांपर्यंत ही माहिती कोणी पोहोचवली? ॲस्बेस्टॉसची धूळ तर कामगाराच्या कपड्यांवरून घरी येते, आणि ते कपडे झटकून धुणाऱ्या बाईच्याही फुप्फुसात जाते.

खरी अडचण काळाची आहे. हा आजार लगेच होत नाही. दहा, वीस, ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत तीस-चाळीस वर्षेही जातात. तोवर ठेकेदार बदललेला, गाळा बंद पडलेला, माणूस घरी बसलेला. हजेरीचा कागद नाही, पीएफ नाही. मग कामामुळेच आजार झाला हे सिद्ध कसे करणार?

कायदा नाही असे नाही. बाबासाहेब मजूरमंत्री असताना (१९४२-४६) प्रा. आडारकरांचा कामगार आरोग्यविम्याचा अहवाल आला, त्यातूनच १९४८ चा ईएसआय कायदा उभा राहिला. त्याच वर्षीच्या कारखाना कायद्यात कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांची यादी होती आणि पुढे तिच्यात व्यवसायजन्य कर्करोगही आला. नव्या श्रमसंहितेच्या यादीतही तो आहे. पण डॉक्टरने कामच विचारले नाही तर तो कळवणार काय? शिवाय चार-सहा माणसांचे गाळे या कायद्याच्या बाहेरच राहतात.

म्हणून घरात एक वही ठेवा. कोणत्या कारखान्यात, कोणत्या खात्यात, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, सगळे लिहा. ड्रमवरच्या नावाचा मोबाईलवर फोटो काढा. पगाराची चिठ्ठी, गेटपास, ईएसआय कार्ड फेकू नका. केसपेपरवर नुसते 'मजूर' लिहू देऊ नका. 'रंग कारखान्यात ११ वर्षे, पावडर मिसळणे' असे लिहायला सांगा. लघवीतून एकदा जरी रक्त गेले, दुखले नाही आणि आपोआप थांबले, तरी तपासून घ्या. मूत्राशयाच्या कर्करोगात अनेकदा असेच होते आणि माणूस उन्हाळी लागली म्हणून सोडून देतो. तंबाखूला मात्र यातून माफी नाही. ॲस्बेस्टॉस आणि बिडी एकत्र आली तर फुप्फुसाचा धोका कैक पटींनी वाढतो.

१४ एप्रिलला आपल्या वस्त्यांत आरोग्य शिबिरे होतात, साखर आणि बीपी तपासले जाते. यंदा मंडळांनी त्या फॉर्ममध्ये 'आजवर केलेली कामे' असा एक रकाना वाढवावा आणि तो भरायला वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींना बसवावे.