निकालाचा ताळेबंद

सनदी लेखापाल परीक्षेचा निकाल हा वृत्तपत्रांच्या दृष्टीने एका दिवसाचा विषय असतो. देशात प्रथम आलेल्या विद्यार्थ्याचे छायाचित्र छापले जाते, त्याच्या दिनचर्येविषयी चार ओळी येतात आणि दुसऱ्या दिवशी सर्व शांत होते. परंतु परभणी जिल्ह्यात, गंगाखेड-लोहा मार्गावर वसलेल्या पालमसारख्या गावातील एखाद्या घरात हा विषय त्या दिवशी संपत नाही. बहुधा तेथून तो सुरू होतो. मोबाईलच्या पडद्यावर क्रमांक टाकून क्षणार्धात जे कळते, त्याचा अर्थ लावण्यात त्या घराची पुढील कित्येक वर्षे जातात. म्हणून या निकालाकडे समाज म्हणून आपण कसे पाहतो, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम आकडे पाहू. नोव्हेंबर २०२३ च्या अंतिम परीक्षेत दोन्ही गट एकदम देणारे ३२,९०७ विद्यार्थी होते. त्यांपैकी ३,०९९ उत्तीर्ण झाले. मे २०२४ मध्ये ३५,८१९ पैकी ७,१२२ उत्तीर्ण झाले. म्हणजे एका वेळी शंभरातील नव्वद, तर दुसऱ्या वेळी ऐंशी विद्यार्थ्यांच्या हाती अपयश आले. ज्या परीक्षेत अपयश हाच बहुसंख्यांचा अनुभव आहे, तिच्या निकालाच्या दिवशी आपण केवळ उत्तीर्णांचा सत्कार करतो आणि उरलेल्यांविषयी मौन पाळतो. शहरात हे मौन गर्दीत विरून जाते. गावात मात्र ते बोचते, कारण तेथे कोणाचा मुलगा कोणत्या परीक्षेला बसला आहे, हे सर्वांना ठाऊक असते.

या परीक्षेत 'नापास' या शब्दाचा अर्थ शालान्त परीक्षेसारखा नाही, हे पालकांनी समजून घेतले पाहिजे. अंतिम परीक्षेच्या एका गटात तीन विषय असतात. प्रत्येक विषयात किमान ४० गुण आणि गटाच्या एकूण ३०० पैकी १५० गुण मिळवावे लागतात. एखाद्या विद्यार्थ्याला दोन विषयांत ५८ आणि ५७ गुण मिळाले, पण तिसऱ्यात ३९ वर तो थांबला, तर बेरीज १५४ होऊनही त्याचा संपूर्ण गट जातो. मात्र त्याच विद्यार्थ्याला एखाद्या विषयात ६० गुण असतील आणि तो गटातील सर्व विषयांना बसलेला असेल, तर पुढील तीन परीक्षांपर्यंत त्या विषयातून त्याला सूट मिळते. उत्तरपत्रिकेची प्रमाणित प्रत मागविता येते, गुणांची पडताळणी करता येते. २०२५ पासून अंतिम परीक्षाही वर्षातून तीनदा होऊ लागली आहे. म्हणजे निकालपत्र ही केवळ निवाड्याची प्रत नव्हे. पुढील प्रयत्नाची दिशा सांगणारा तो कागद आहे. तो वाचता येणारा एक जाणता माणूस गावात असला, तर कित्येक मुले मध्येच माघारी फिरणार नाहीत.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी शिक्षणाप्रमाणे येथे जागा मर्यादित नाहीत, देणगी नाही, व्यवस्थापनाचा कोटा नाही. जो कसोटीला उतरेल, तो सनदी लेखापाल होईल. जानेवारी २०१३ मध्ये लागलेल्या निकालात मालाडच्या चाळीत राहणारी, रिक्षाचालकाची कन्या प्रेमा जयकुमार देशात पहिली आली. जुलै २०२४ मध्ये डोंबिवलीत रस्त्याकडेला भाजी विकणाऱ्या एका मराठी आईला तिच्या मुलाने उत्तीर्ण झाल्याची वार्ता सांगितली आणि ती त्याला मिठी मारून रडू लागली, हे दृश्य साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. या दोन्ही उदाहरणांचा आपण सार्थ अभिमान बाळगतो. पण त्यांतून निघणारा दुसरा निष्कर्ष सहसा कोणी काढीत नाही. गरिबी ही या परीक्षेतील न ओलांडता येणारी भिंत नाही. खरी भिंत अंतराची आहे. मालाडची किंवा डोंबिवलीची मुले घरी राहून, लोकलने प्रवास करून शिकवणी वर्ग आणि लेखापरीक्षकांचे कार्यालय गाठू शकतात. पालमच्या मुलाला त्यासाठी घर सोडावे लागते. जून २०२३ पर्यंत तीन वर्षांची असलेली प्रत्यक्ष उमेदवारी आता दोन वर्षांची झाली असली, तरी पुण्यात वा छत्रपती संभाजीनगरात खोलीचे भाडे आणि खाणावळ यांचा खर्च सोयाबीन-कापसाच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घराला सोसवेलच असे नाही. उमेदवारांना द्यावयाचे किमान विद्यावेतन शहराच्या लोकसंख्येनुसार ठरते. त्यामुळे जवळच्या लहान शहरात राहावे तर विद्यावेतन कमी, आणि मोठ्या शहरात जावे तर खर्च अधिक, अशा कात्रीत तो सापडतो.

हे अंतर आजचे नाही. मुंबईत १९१३ साली सिडनहॅम महाविद्यालयाच्या रूपाने वाणिज्य शिक्षणाचा पाया घातला गेला. १९१८ साली मुंबई सरकारने लेखाशास्त्राची शासकीय पदविका सुरू केली. त्याच १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले; त्याचे शिक्षणाचे माध्यम मात्र उर्दू होते. निजामी अमलाखालील परभणी जिल्ह्यातील मराठी मुलाला उच्च शिक्षण हवे असेल, तर परकी भाषा किंवा परका मुलूख, असे दोनच पर्याय होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानाने शरणागती पत्करली आणि मराठवाडा मुक्त झाला. त्यानंतर दहा महिन्यांतच, १ जुलै १९४९ रोजी भारतीय सनदी लेखापाल संस्था अस्तित्वात आली. म्हणजे देशाच्या इतर भागांतील लेखापाल एका पिढीची तयारी करून नव्या व्यवस्थेत प्रवेश करीत होते, तेव्हा मराठवाडा नुकताच मोकळा श्वास घेत होता. या भूमीला पहिले विद्यापीठ मिळाले १९५८ मध्ये, आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये. हा अनुशेष रस्त्यांच्या आणि धरणांच्या अनुशेषासारखा मोजता येत नाही, म्हणून त्याची मागणीही कोणी करीत नाही.

वास्तविक हिशेबाची विद्या आपल्याला नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आषाढात वर्षाचे हिशेब घेऊन अधिकाऱ्यांनी राजधानीत यावे, त्यांच्या वह्या मोहोरबंद असाव्यात आणि तपासणी होईपर्यंत त्यांना परस्परांशी बोलू देऊ नये, असा दंडक आहे. द्रव्य हडपण्याचे चाळीस प्रकारही तेथे सांगितले आहेत. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत जमाखर्च पाहणाऱ्या मुजुमदाराला 'अमात्य' असे मानाचे नाव मिळाले. आणि आपल्या गोदाकाठचे संत एकनाथ? देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबातील एका पैची चूक शोधण्यासाठी त्यांनी रात्र जागविली, अशी परंपरागत कथा आहे. सनदी लेखापाल संस्थेचे बोधवाक्य कठोपनिषदातील आहे. इतर झोपलेले असताना जो जागा असतो, असा त्याचा आशय. नाथांच्या त्या रात्रीइतका या बोधवाक्याचा समर्पक दृष्टान्त दुसरा कोणता असेल? कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, घसारा हे शब्द आपल्या भाषेत मुरलेले आहेत. तरीही मराठी माध्यमातून वाणिज्य शाखा शिकलेल्या विद्यार्थ्याला ही परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीतच द्यावी लागते. त्याला विषय येतो, पण उत्तर लिहिताना शब्द अडतो. ३९ आणि ४० यांमधील तो एक गुण कित्येकदा ज्ञानाचा नसून भाषेचा असतो.

मुलींच्या वाट्याला तर दुहेरी अडचण येते. मुलाला पुण्याला पाठविणारे घर मुलीच्या बाबतीत विचारात पडते, आणि पहिल्या अपयशानंतर स्थळे पाहू लागते. अशा वेळी आर. शिवभोगम यांचे स्मरण करून द्यावेसे वाटते. स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगवास भोगलेल्या या मद्रासच्या कन्येने १९३३ मध्ये लेखाशास्त्राची पदविका मिळविली. कारावास झालेल्या व्यक्तीला लेखापाल म्हणून नोंदणी नाकारणाऱ्या नियमाविरुद्ध त्या लढल्या आणि देशातील पहिल्या महिला लेखापाल ठरल्या. पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्या गुणवंत विद्यार्थिनीसाठी त्यांनी पारितोषिकही ठेवले. परकीय सत्तेच्या नियमाशी झगडून जे साध्य झाले, ते स्वतंत्र भारतातील तालुक्याच्या गावात केवळ 'लोक काय म्हणतील' या भीतीने अडावे काय?

कोणी म्हणेल, चार-दोन मुले सनदी लेखापाल झाली नाहीत, तर गावाचे काय बिघडते? बिघडते ते असे. आज प्रत्येक शेतकरी उत्पादक कंपनीला दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. २०१३ च्या कायदा सुधारणेनंतर सहकारी संस्थांना शासनमान्य नामिकेतून आपला लेखापरीक्षक स्वतः निवडण्याचा अधिकार मिळाला आहे. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराने लहान व्यापाऱ्यालाही हिशेबाच्या कक्षेत आणले. आणि याच मराठवाड्यात, बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेट या पतसंस्थेचे व्यवहार २०२३ मध्ये ठप्प झाल्यावर हजारो ठेवीदार देशोधडीला लागले. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेला, निवृत्तीनंतर मिळालेला, कापूस विकून आलेला पैसा अडकला. त्या प्रकरणातील दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. पण ताळेबंद वाचून वेळीच प्रश्न विचारू शकणारी माणसे ठेवीदारांच्या बाजूने गावोगावी असती, तर अधिक व्याजाच्या आमिषाला इतके लोक इतक्या सहजतेने बळी पडले असते का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. हिशेब तपासणारा माणूस गावाचा असणे ही गावाच्या ठेवींची राखण आहे.

यासाठी फार मोठ्या योजनांची आवश्यकता नाही. पालमसारख्या गावात रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी एक अभ्यासिका हवी. परभणी, नांदेड, लातूर येथे व्यवसाय करणाऱ्या सनदी लेखापालांनी, विशेषतः ज्यांची मुळे याच मातीत आहेत त्यांनी, दरवर्षी आपल्या कार्यालयातील उमेदवारीची एक तरी जागा ग्रामीण विद्यार्थ्यासाठी, शक्यतो विद्यार्थिनीसाठी राखावी. पुण्यात वसतिगृहे चालविणाऱ्या सामाजिक संस्थांनी या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांनाही आपल्या यादीत स्थान द्यावे. संज्ञांचा मराठी-इंग्रजी कोश आणि मराठीतून विषय समजावून देणारी रविवारची व्याख्याने एखाद्या महाविद्यालयाला सहज करता येतील. आणि निकालानंतरच्या आठवड्यात उत्तीर्णांच्या सत्काराबरोबरच, अनुत्तीर्णांचे निकालपत्र समोर ठेवून त्यांच्याशी शांतपणे बोलणारी एक बैठक व्हावी. कोणत्या विषयात सूट मिळाली, कोणत्या विषयात किती गुण कमी पडले, पुढचा प्रयत्न केव्हा करावा, एवढेच त्या बैठकीत ठरवायचे आहे. ज्याने वाट बदलण्याचे ठरविले असेल, त्यालाही तेथे सन्मानाने ऐकून घ्यावे. वाया न गेलेल्या लेखाशास्त्राच्या ज्ञानावर तोही गावातील पतसंस्थेचे वा उत्पादक कंपनीचे दप्तर उत्तम सांभाळू शकतो.

ताळेबंदात येणे आणि देणे अशा दोन बाजू असतात, हे पालमच्या वाणिज्य शाखेतील मुलांना ठाऊक आहे. निकालाच्या दिवशी त्यांच्याकडून येणे असलेल्या यशाची बेरीज आपण तत्परतेने मांडतो. समाजाकडून त्यांना देणे असलेली बाजू मात्र अजून बहुतांशी कोरी आहे.