नीतीचा तास विद्यार्थ्यांच्याही हाती द्या

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मुळे पदवीच्या पहिल्या वर्षाला मूल्यशिक्षणाचे श्रेयांक आले. भंडारा जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी या तासाच्या गटचर्चा वरच्या वर्गातल्या, नीट तयार केलेल्या विद्यार्थ्यांकडे सोपवाव्यात, असे माझे म्हणणे आहे. त्यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. विशीतल्या पोरांना जगाचा अनुभव तो काय?

नीतीचा तास म्हणजे प्रवचन, असे धरून चालले तरच हा आक्षेप टिकतो. उपयोजित नीतिशास्त्राला लागते ती प्रकरण उलगडण्याची सवय. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून 10 बाळे गेली. पुढे जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, कंत्राटी परिचारिकांची सेवा संपली. वर्गात कुणीतरी लगेच म्हणणार, ‘नर्सचीच चूक!’ तयारी नसलेला मुलगा इथे मान डोलावतो, नाहीतर भांडतो. तयार केलेली मुलगी विचारते, त्या रात्री तिच्या हातात काय होते? आगीपासून बचावाची व्यवस्था बघणे कोणाचे काम होते? कंत्राटावरच्या माणसाला वरिष्ठांकडे बोट दाखवणे कितपत जमते? एवढे विचारून ती थांबते, समोरच्याला विचार करायला वेळ देते. हे थांबणे शिकवावेच लागते. नुसत्या वयाने ते येत नाही.

ही मुले आपली मते लादतील, असेही म्हणतात. लादण्याची ताकद गुणांतून येते. म्हणून त्यांच्या हाती गुण देऊ नयेत, विषय संपला.

वजनदार आक्षेप वेगळाच आहे. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवून फुकट राबणारी पोरे मिळवण्याची ही वाट होईल. ही भीती मला रास्त वाटते. त्यामुळे अट स्पष्ट हवी: प्राध्यापक वर्गाला जबाबदार राहील आणि विद्यार्थ्याला ‘कमवा आणि शिका’सारख्या योजनेतून मोबदला मिळेल. तेवढेही जमत नसेल, तर हा उपक्रम सुरूच करू नये.

तयारीत सर्वांत अवघड भाग जवळच्या माणसांचा. पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 1988 ला झाली. सिंचन कोणाला, विस्थापन कोणाला, हा प्रश्न इथे पुस्तकातला नाही. गटातल्या एखाद्या मुलीचे घरच पाण्याखाली गेलेले असू शकते. तिला ‘तू सांग ना’ म्हणून नमुन्यासारखे उभे करायचे नाही, आणि ती आपणहून बोलली तर मध्येच आकडे फेकून तिला गप्पही करायचे नाही. ही जाण यावी म्हणून भावी गटप्रमुखांनी आधी एकमेकांसमोर तास घ्यावा, चुकावे, प्राध्यापकांसोबत तो तास पुन्हा तपासावा. निवड करताना केवळ टक्के पाहू नयेत. ऐकून घेणारा मध्यम गुणांचा मुलगा इथे जास्त उपयोगी.

आणि ही चर्चा वेळापत्रकातच बसवावी. कॉलेज सुटल्यावर ठेवली, तर लाखांदूर-साकोलीकडची एसटी पकडणारी मुले, विशेषतः मुली, पहिल्याच आठवड्यात गळतील.