दाढदुखी की आणखी काही?

‘डॉक्टर, दाढ अचानक ठणकतेय, कॅमोमिला ३० घेऊ की प्लँटॅगो?’ डोंबिवलीतल्या ओळखीच्यांचा हा प्रश्न वरचेवर येतो. मी उलट विचारतो, दुखणं कधी सुरू होतं? स्टेशनचा पूल चढताना जबडा दुखतो आणि दोन मिनिटं थांबलं की कमी होतो, असं उत्तर आलं तर आधी ईसीजी. हृदयाची वेदना जबड्यात उमटते. बायकांत आणि मधुमेहींत कधीकधी छातीत काहीच न दुखता. सोबत घाम, धाप, मळमळ असेल तर थेट १०८ ला फोन करा.

दुसरा धोका दाताचाच. जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडेना, गिळता येईना, म्हणजे संसर्ग गळ्याकडे उतरतोय. श्वास कोंडू शकतो. त्याच रात्री रुग्णालय गाठायचं.

३० शक्ती म्हणजे मूळ द्रव्य शंभर पट विरळ करण्याची क्रिया तीस वेळा केलेली. त्यात औषधाचा रेणूही उरत नाही. तरी गोळीनंतर ठणका थांबतो, हे लोक सांगतात ते खोटं नाही. दातातली नस मेली की तो आपोआप थांबतो, मुळाशी पू मात्र वाढत राहतो. आठवड्याने गाल सुजवून आमच्या सरकारी रुग्णालयात रात्रपाळीला येणारे बरेचसे असेच असतात. राग येतो तो त्या वाया गेलेल्या आठवड्याचा.

साधी दाढच असेल तर पॅरासिटामॉल, कोमट मिठाच्या गुळण्या आणि सकाळी दंतवैद्य. तोवर लवंग धरा. तिच्यातल्या युजेनॉलने दात थोडा वेळ बधिर तरी होतो.