डोके वाचवा, घर वाचेल!

केंद्र शासनाच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल सांगतो की, त्या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांतील सुमारे ७५ हजार दुचाकीवर होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५० हजार २९ होती. आम्ही हे आकडे केवळ वाहतुकीचे म्हणून वाचत नाही. मोटारसायकलवर असतो कोण? पाळीला निघालेला कामगार, पार्सल पोहोचवणारा तरुण, घरातला पहिला पदवीधर. मोटारीतल्या माणसाभोवती निदान पत्रा असतो, याच्याभोवती काहीच नसते. तो गेला की मुलांचे शिक्षण थांबते; गाडीचे हप्ते मात्र थांबत नाहीत.

घटनेच्या २१ व्या कलमाने प्रत्येकाला जगण्याचा हक्क दिला आहे. खड्डे, बंद पडलेले दिवे, रस्त्यावर सांडलेली खडी हा त्या हक्कावरचा घाला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले. सदोष रस्त्यामुळे माणूस मेला किंवा अपंग झाला, तर जबाबदार यंत्रणेला वा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चौकात दुचाकीस्वाराची पावती फाडणाऱ्या शासनाने हे कलम किती कंत्राटदारांना लावले, ते जाहीर करावे, अशी आमची मागणी आहे.

परंतु शासन सुधारेपर्यंत मरत राहायचे काय? हेल्मेट पोलिसासाठी घालायचे नसते. चांगल्या हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो, असे अभ्यास सांगतात. मात्र ते आयएसआय चिन्हाचे हवे आणि हनुवटीखालचा पट्टा आवळलेला हवा. पट्टा सुटा असेल, तर पडताना डोक्याआधी हेल्मेटच उडते. मागे बसलेल्या बायकोलाही हेल्मेट हवेच. तिचे डोके काय स्वस्त आहे? कायद्यानेही चार वर्षांवरील प्रत्येकाला ते सक्तीचे केले आहे.

ट्रक-बसच्या डावीकडून घुसू नका. ती वळली की तुम्ही चाकाखाली. आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही, हे पक्के समजा. पुढच्या वाहनापासून अंतर ठेवा, पावसात ते दुप्पट करा. दोन्ही ब्रेक एकत्र वापरा, ओल्या रस्त्यावर ते हळूहळू दाबा. फोन वाजला, तर गाडी कडेला घ्या. दहा मिनिटांत पार्सल पोहोचले नाही म्हणून कुणी मरत नाही. ते पोहोचवताना मात्र पोरे मरतात.

एक गोष्ट आमच्या तरुण कार्यकर्त्यांनाही सांगायची आहे. १४ एप्रिलच्या मोटारसायकल रॅलीत एकेका गाडीवर तिघे तिघे, डोक्याला नुसती निळी पट्टी, हे दृश्य आता बंद व्हावे. झेंडा उंच असावा, पण त्याखालचे डोकेही सुरक्षित असावे. आयोजकांनी 'हेल्मेट नाही, तर रॅलीत प्रवेश नाही' असा नियमच करावा. ज्या समाजाला शतकानुशतके पाटी-पुस्तकापासून दूर ठेवले, त्याने शिक्षणाने घडवलेले एक एक डोके लाखमोलाचे आहे. ते डांबरावर फुटू देणे चळवळीला परवडणारे नाही.