उतारवयातील सैनिक

सैनिक म्हटला की विशी-पंचविशीतला तरुण डोळ्यांसमोर उभा राहतो. युक्रेनमधील चित्र मात्र निराळे आहे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने पूर्ण बळानिशी आक्रमण केले आणि युद्ध लांबत गेले, तसे तेथील सैनिकांचे सरासरी वय चाळिशीपलीकडे पोहोचले.

याचे मूळ रणांगणात नसून अर्थकारणात आहे. १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला. १९९३ मध्ये युक्रेनमधील महागाईचा दर दहा हजार टक्क्यांपलीकडे गेला आणि लोकांच्या आयुष्यभराच्या ठेवी मातीमोल झाल्या. अशा अनिश्चिततेत पाळणे हलेनासे झाले. १९९० साली तेथे साडेसहा लाखांहून अधिक बालके जन्मली होती. २००१ साली ती संख्या पावणेचार लाखांवर आली. युद्ध सुरू झाले तेव्हा हीच तुटपुंजी पिढी ऐन विशीत होती. ती खर्ची पडली तर उद्याचे संसार कोण मांडणार, हा प्रश्न राज्यकर्त्यांपुढे उभा राहिला.

म्हणून सक्तीच्या भरतीचे किमान वय आरंभी २७ ठेवले होते, ते एप्रिल २०२४ मध्ये २५ वर आणले. मात्र मित्रराष्ट्रांनी आग्रह धरूनही १८ पर्यंत खाली नेले नाही. मुद्दल राखून व्याजावर निर्वाह करणाऱ्या सावध गृहस्थासारखेच हे धोरण होय. तथापि त्याचा भार प्रौढांच्या खांद्यावर पडला.

प्रौढ माणूस धीराचा असतो. यंत्रदुरुस्ती, वाहनचालन, विजेची कामे त्याच्या हातात मुरलेली असतात. परंतु चिलखताचे ओझे, खंदकातील ओल आणि जागरणे त्याच्या पाठीला व गुडघ्यांना सोसवत नाहीत. जखमाही लवकर भरत नाहीत. शिवाय तो घरचा कर्ता असतो. तो गेला की दुकानाचे, कारखान्याचे चाक अडखळते. पूर्वी स्त्रियांना मज्जाव असलेल्या भूमिगत खाणींतही आता स्त्रिया उतरल्या आहेत.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने १९४० साली १७ ते ६५ वर्षांच्या पुरुषांचे गृहरक्षक दल उभारले होते. त्यातील बहुसंख्य लोक दिवसा आपला व्यवसाय सांभाळत आणि फावल्या वेळी पूल व कारखान्यांवर पहारा देत. युक्रेनमधील पंचेचाळिशीच्या सैनिकाला ती सोय नाही.

२९ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांनी साठी ओलांडलेल्यांना स्वेच्छेने सैन्यात येण्याची मुभा देणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. वैद्यकीय तपासणी, तुकडीप्रमुखाची संमती आणि एक वर्षाचा करार, अशा त्याच्या अटी आहेत. विसंगती अशी, की साठीनंतर आपणहून येणाऱ्याला मुदत आहे. पण चाळिशीत सक्तीने नेलेल्याला ती नाही. तीन वर्षांनी सेवामुक्त करण्याची तरतूद २०२४ च्या कायद्याच्या मसुद्यात होती. ती अखेरीस वगळण्यात आली. बदली माणूस नाही, हे सरकारचे उत्तर खोटे नाही; आणि घरी किती वर्षे वाट पाहायची, हा सैनिकांच्या पत्नींचा प्रश्नही अवाजवी नाही.

मुदत न लिहिलेल्या कराराखाली माणसाला किती काळ बांधता येते, हे व्यापारी घराण्यांना वेगळे सांगावयास नको. देशावरील संकट कितीही मोठे असो, कर्त्या पुरुषाच्या परतण्याचा दिवस कोठेतरी लिहिलेला असावा, एवढीच त्या घरांची मागणी आहे.