व्हायब्रेटरची युक्ती आणि वीस हजार डॉलर

स्लॅब टाकताना काँक्रीटमध्ये व्हायब्रेटर का फिरवतात, हे आपल्या घरातल्या कामावर जाणाऱ्या माणसांना सांगायला नको. थरथर चालू असेतो माल पातळ राहून वाहतो, थांबली की बसतो. याच युक्तीला २००७ साली अमेरिकेत वीस हजार डॉलरचे बक्षीस मिळाले!

१९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्याजवळ ‘एक्सॉन व्हाल्डीझ’ हे तेलवाहू जहाज खडकावर आपटले व समुद्रात तेलच तेल झाले. अशा थंडीत समुद्रातून गोळा केलेले तेल-पाणी गारठून इतके घट्ट होते की पंपाने बार्जबाहेर निघत नाही. तेलगळतीवर काम करणाऱ्या तिथल्या संस्थेने शेवटी हा प्रश्न ‘इनोसेंटिव्ह’मार्फत साऱ्या जगापुढे मांडला. ‘इलाय लिली’ या औषध कंपनीने २००१ मध्ये उभे केलेले हे प्रश्न-उत्तरांचे दुकानच. उत्तर दिले जॉन डेव्हिस या रसायनतज्ज्ञाने. तेलाच्या धंद्याशी त्याचा संबंध नव्हता, पण काँक्रीटचे काम त्याने पाहिले होते. तो म्हणाला, तेलालाही थरथरवा!

कंपन्यांचा फायदा उघड आहे. पगारी तज्ज्ञ अडले की बाहेरच्या हजारो डोक्यांना कामाला लावायचे आणि पैसे जमलेल्या उत्तरालाच द्यायचे. बाकीच्यांनी जागवलेल्या रात्री कोणाच्याच हजेरीपटावर लागत नाहीत. शिवाय बक्षीस घेताना कल्पनेवरचा हक्क बहुधा लिहून द्यावा लागतो.

कारखान्यातली सूचना-पेटी हा याचाच जुना अवतार. किल्ली साहेबाकडे. कामगाराने चार ओळी टाकाव्यात आणि काही महिन्यांनी तीच युक्ती दुसऱ्याच्या नावाने चालू व्हावी, हे नवे नाही. तेव्हा बंधू-भगिनींनो, सूचना जरूर द्या, पण नाव-तारखेसह लिहून, पोच घेऊन आणि एक प्रत घरी ठेवून. स्पर्धा असेल तर हक्क कोणाकडे राहणार व न निवडलेल्या कल्पनेचे काय होणार, हे आधी विचारा. पदवी नसलेल्या कारागीर-शेतकऱ्यांच्या युक्त्या नोंदवणारे राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान २००० सालापासून गुजरातेत आहे, तिथेही लिहिता येते. मात्र पेटंटच्या अर्जाआधी युक्ती चारचौघांत फोडली, तर पुढे पेटंट मिळणे अवघड जाते.