धारेचा दगड घेताना

बकरी ईद जवळ आली की अहेरीत दोन-चार घरांतून तरी आम्हाला विचारणा होते : सुरीला धार लावायला दगड कोणता घ्यावा? उर्दू-मराठी शिकवणाऱ्या मास्तरकीचा आणि धारेचा संबंध काय, असे कोणी म्हणेल. पण आजकाल दगडावर आकडे छापलेले असतात आणि ते वाचून अर्थ सांगणारा माणूस लोकांना हवा असतो. तेव्हा या खेपेला उत्तर इथेच लिहून टाकतो.

प्रश्न क्षुल्लक नाही. सहीह मुस्लिममध्ये हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांची रिवायत आहे. जुबेह करताना पात्याला नीट धार लावून घ्यावी आणि जनावराला आराम द्यावा, अशी ताकीद प्रेषितांनी (स.) तीत दिली आहे. जनावराच्या डोळ्यांदेखत धार लावू नये, हेही हदीसमध्ये आले आहे. म्हणजे हे काम आदल्या दिवशीच, शांतपणे उरकायचे. आणि आपण काय करतो? ईदच्या आदल्या संध्याकाळी घरातल्या साऱ्या सुऱ्या पिशवीत भरून ग्राइंडरवाल्याकडे नेतो. ठिणग्या उडतात, पाते चकचकते, आपण खूश. त्या पात्याच्या कडेला निळसर झाक दिसते का, हे मात्र कोणी पाहत नाही. पोलाद ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की निळे पडते आणि त्या जागी त्याचे पाणी उतरते. अशी सुरी पहिल्या बकऱ्याला चालते, दुसऱ्याला रेंगाळते. रेंगाळणाऱ्या सुरीचा त्रास कोणाला होतो, ते सांगायला नको.

आपल्या भागात पूर्वीपासून लोक मिळेल त्या दगडावर कोयता, कुऱ्हाड, सुरी घासत आले आहेत. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात वालुकाश्म भरपूर. त्यातली वाळू म्हणजे गारगोटीचे कण. ते पोलादाला खातात, पण सगळे सारख्या आकाराचे नसतात. एखादा जाड कण निघाला की धारेवर ओरखडा उमटतो. बांबू तासणाऱ्या कोयत्याला त्याने फरक पडत नाही. सुरीला पडतो, वस्तऱ्याला तर फारच. कारखान्यातल्या दगडाचा खरा फायदा हाच. त्यातले कण चाळून, एका मापाचे निवडून, मग भाजून किंवा चिकटवून वडी केलेली असते.

हे कण दोन जातींचे. एक ॲल्युमिनियम ऑक्साइड, म्हणजेच आपला कुरुंद, फक्त भट्टीत बनवलेला. दुसरा सिलिकॉन कार्बाइड, ज्याला दुकानदार कार्बोरंडम म्हणतो. अमेरिकेत १८९१ साली एडवर्ड ॲचिसन कृत्रिम हिरा करायला निघाले होते. माती आणि कोक यांतून वीज सोडल्यावर हाती आले ते हे चमकदार, टणक खडे. कार्बन आणि कोरंडम यांचे मिश्रण असावे, असे समजून त्यांनी नाव दिले कार्बोरंडम. समज चुकीची ठरली, नाव राहिले. आणि कोरंडम हा शब्द तरी कुठला? दक्षिणेतल्या तमिळ ‘कुरुंदम’चा. खम्मम जिल्ह्यात आजही कुरुंद सापडतो, आणि अहेरीहून प्राणहितेचा पूल ओलांडला की तेलंगणच लागतो. म्हणजे आपल्या शेजारचा शब्द जग फिरून आपल्याच हार्डवेअरच्या दुकानात परत आला आहे. आपल्या राज्यात उरणजवळ मोरा येथे १९४१ पासून घासचाके बनतात. चेन्नईची कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी १९५४ सालची. तेव्हा हा काही परदेशी चोचला नव्हे.

आता आकडे. जितका आकडा मोठा तितका कण बारीक, इतके सगळ्यांना ठाऊक असते. फसगत पुढे होते, कारण आकड्यांच्या पद्धती निरनिराळ्या आहेत. जपानी मापाच्या दगडावर १००० लिहिले असेल तर कण साधारण १२ मायक्रॉनचा. पॉलिश पेपरवर पी १००० असेल तर १८ मायक्रॉनचा. आणि युरोपीय घासदगडांच्या मापात एफ १००० असेल तर अवघा साडेचार मायक्रॉनचा. हजाराचे तीन अर्थ! म्हणून मागवताना आकड्याबरोबर मायक्रॉन किंवा कोणते माप ते विचारावे. विक्रेत्याला सांगता येत नसेल तर तो दगड सोडून द्यावा.

स्वयंपाकघरासाठी आणि कुर्बानीसाठी आमचे मत स्पष्ट आहे : जपानी मापाचा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा एकच दुहेरी दगड, एका बाजूला १०००, दुसऱ्या बाजूला ३०० ते ४००. जाड बाजू दाते पडलेल्या सुरीसाठी, एरवी फक्त १०००. लोहाराने ट्रकच्या कमानीच्या पट्टीतून घडवलेली सुरी असो की बाजारातली स्टेनलेसची, दोन्हींना हा दगड पुरतो. मांसाच्या सुरीला याहून गुळगुळीत करण्याच्या फंदात पडू नये. १००० च्या धारेला किंचित दाणा राहतो. कातडीवर तो पकड घेतो, सुरी घसरत नाही. आपल्याकडे मिळणारा काळा दुहेरी कार्बोरंडम स्वस्त असतो आणि विळी-कोयत्याला उत्तम. पण त्याची बारीक बाजूही बहुधा जाडच असते. फार तर तो आधी आणि १००० चा नंतर, असे करावे. सुरी अन्नाला लागणार, म्हणून दगडावर तेल नको, पाणीच बरे. काही दगड बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात भिजवावे लागतात, काही भिजत ठेवले तर तडकतात. सोबतचा कागद वाचल्याशिवाय बादलीत टाकू नये.

कोनाबद्दल फार बाऊ केला जातो. सातवीच्या मुलालाही सांगता येईल असे माप देतो : पाते ४ सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून १ सेंटिमीटर वर धरावी, कोन १५ अंशांच्या जवळपास येतो. तीच उंची शेवटपर्यंत राखणे महत्त्वाचे. एका बाजूने घासत गेले की पलीकडच्या बाजूला धारेवर बारीक कोर उलटलेली अंगठ्याला जाणवते. अंगठा धारेला आडवा फिरवावा, लांबीने कधीही नाही. टोकापासून मुठीपर्यंत ती कोर लागली की बाजू बदलावी. विळीचे पाते मात्र दगडावर नेता येत नाही, तिथे लहान दगडच हातात घेऊन पात्यावर फिरवावा लागतो. पाट पायाखाली घट्ट दाबून धरावा आणि मुलांना त्या वेळी जवळ फिरकू देऊ नये.

बोथट विळीवर वर्षानुवर्षे कांदे चिरणाऱ्या आयाबहिणी घराघरांत आहेत. बोट कापले की ‘धार फार होती’ म्हणतात. बहुतेक वेळा धार नव्हती म्हणून जोर लावावा लागला आणि हात सटकला, हे खरे कारण असते. घरातल्या पुरुषांनी महिन्यातून एकदा दहा मिनिटे दगडापाशी बसावे. ईदची वाट कशाला पाहायची?

वस्तऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला कोन हाताने धरायचा नसतो. पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकवायच्या. पाठीची जाडीच कोन ठरवते. त्यामुळे दगड सपाट हवाच. मध्ये खोलगट झालेला दगड सुरी सहन करते, वस्तरा करत नाही. दगडावर पेन्सिलीच्या रेघा मारून, काचेवर ठेवलेल्या पाण्याच्या पॉलिश पेपरवर तो घासावा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की सपाट झाला. धारेची पायरी १००० ने सुरू होते, पुढे ४०००, मग ८०००, जिथे कण सव्वा मायक्रॉनपर्यंत उतरतो. शेवटी चामड्याचा पट्टा. पट्ट्यावर वस्तरा पाठीकडून ओढायचा, नाहीतर चामडे कापले जाते. असे दगड काही हजारांना पडतात, आणि सुरीचा दगड वस्तऱ्याला वापरू नये.

हा खर्च कोणी करावा? स्वतःची दाढी स्वतः करणाऱ्याने, हौस असेल तर. दुकानातल्या न्हाव्याकडे मात्र दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड लावायचा वस्तराच बरा. एकाच पात्याने अनेकांची हजामत झाली की हेपॅटायटिस बी सारखा रक्तातून जाणारा आजार पसरू शकतो, आणि ८००० चा दगड ते पाते निर्जंतुक करत नाही. अकीक्याला बाळाचे जावळ काढतानाही नवे ब्लेड समोर फोडून घ्यायला लाजू नये.

या कामाची एक जुनी बिरादरी आपल्यातच आहे. शिकलगार हे आडनाव सांगली-कोल्हापूरकडे आजही ऐकू येते. मूळ शब्द सैकलगर, सैकल म्हणजे घासून चकाकी देणे. तलवारी गेल्या, सुऱ्या-कात्र्या आल्या. खांद्यावर चाक घेऊन गल्लीत हाक देणारा कारागीर आता क्वचितच दिसतो. तुमच्याकडे कोणी येत असेल आणि चाक पायाने, पाण्याचा थेंब सोडत फिरवत असेल, तर त्याला जरूर काम द्यावे. त्याच्या चाकावर पाते तापत नाही.

अहेरीला रेल्वे नाही. मागवलेली वस्तू बल्लारपूर, आलापल्ली करत करत येते. म्हणून ईदच्या निदान महिनाभर आधी दगड मागवावा आणि पहिले पंधरा दिवस जुन्या, टाकाऊ सुरीवर हात बसवावा. मग वहीचा सुटा कागद हवेत धरून कापून पाहावा. कागद कुठे अडखळला तर तिथे दाता आहे. तेवढ्याच जागी पुन्हा घासायचे नाही, पूर्ण पाते टोकापासून मुठीपर्यंत घ्यायचे.